म्हातारीचा डाग

१

काचेच्या पेटीवरचं फडकं डॉक्टरीणबाईंनी उचललं आणि त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला, तो दातांच्या डॉक्टरने पेशंटसमोर कधी उच्चारू नये असा होता.

पेटी रिकामी होती. आतल्या मखमलीवर चार चाकांचे चार खळगे तेवढे उरले होते. म्हातारी गायब!

म्हातारी म्हणजे इंजिन. कोकोच्या पत्र्याच्या डब्यातून घडवलेलं, वीतभर लांबीचं, छोट्या लायनीवरचं सगळ्यात पहिलं इंजिन. लाकडाच्या वखारीच्या माडीवर, तीस फुटी टेबलावर ही छोटी लाइन पसरली होती. तिच्यावर तीन स्टेशनं होती, एक बंदर होतं, एक डोंगर होता आणि सात पूल होते. उद्या, रविवारी, तिला पन्नास वर्षं पुरी होणार होती आणि कित्येक वर्षं पेटीत बसून असलेली म्हातारी उद्या एक फेरी मारणार होती.

"गेल्या रविवारी संध्याकाळी मी माडीला कुलूप लावलं, ते आत्ता उघडलं," मिस्त्री म्हणाले. मिस्त्री म्हणजे सुतार. टेबल त्यांनी बांधलेलं, वखार त्यांची, किल्लीही त्यांच्याच कमरेला. "मधे उंदीरसुद्धा आत गेलेला नाही."

"म्हणजे गेली ती रविवारीच. आपण सगळे इथे असताना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिसरे घड्याळजी. ते पेटीजवळ गेले, वाकले, खळग्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते मागे सरकले.

चौथे गृहस्थ मेन स्टेशनाजवळच्या मेजामागे, आपण इथे नसतो तर बरं झालं असतं असा चेहरा करून बसले होते. त्यांनी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती, म्हणून त्यांचं नाव इथे कानामात्रा पडलं होतं. घड्याळजींनीच त्यांना हाताला धरून माडीवर आणलं, त्याला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी गाडी एकदाही चालवली नव्हती. आपला हात थरथरेल, गाडी रूळ सोडेल आणि लोक हसतील, ही धास्ती. ते फक्त दिनवही लिहायचे. आता त्यांनी छोट्या लायनीचा पन्नास वर्षांचा इतिहासही लिहिला होता आणि त्याची मुद्रितं वाचताना रोज त्यांना वाटायचं, हे काम दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं.

"कानामात्रा," डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या, "चुका शोधणं तुमचं काम. शोधा."

"मला छापलेल्या चुका सापडतात हो," कानामात्रा पुटपुटले. "चालत्याबोलत्या नाही."

पण उठले मात्र.

२

छोटी लाइन सुरू झाली ती मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. रूळ टेबलावरून मोरीपर्यंत पोचले तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, निर्वाणीचा इशारा दिला आणि लाइन वखारीच्या माडीवर आली. मिस्त्री टेबलाचा पाय बसवायला आले आणि राहिले. डॉक्टरीणबाई मास्तरांची दाढ काढता काढता अडकल्या. दवाखान्यातलं उरलंसुरलं प्लास्टर आणून त्यांनी डोंगर उभा केला. त्याच्या पायथ्याशी नीट पाहिलं तर कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा ठसा अजून दिसतो. घड्याळजी आले ते भांडायला. तुमच्या गाड्या वेळेवर नाहीत म्हणाले. "मग वेळ तुम्हीच ठरवा," मास्तर म्हणाले.

घड्याळजींनी ती खरंच ठरवली. पेटीच्या वर, भिंतीवर, चोवीस आकड्यांचं एक घड्याळ त्यांनी लावलं. ते बारा पट भरभर चालायचं. बाहेरची पाच मिनिटं म्हणजे छोट्या लायनीचा एक तास. रविवारी चार वाजता ते शून्यावर सुरू व्हायचं आणि सहाला थांबायचं. या दोन तासांत टेबलावर एक अख्खा दिवस उगवून मावळायचा. माडीवर याच वेळेने बोलायचं, याच वेळेने लिहायचं, हा नियम. डॉक्टरीणबाईंनी एकदा दवाखान्यात चुकून एका पेशंटला "नऊ तासांनी या" सांगितलं आणि पाऊण तासाने यायचा तो बिचारा दुसऱ्या दिवशी उगवला, हा किस्सा इतिहासात पान बारावर होता.

दुसरा नियम म्हणजे गाड्या चालू असताना बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहायची, खाली वेळ घालायची आणि मालगाडीच्या उघड्या डब्यात टाकायची. डबा फिरत फिरत मेन स्टेशनात यायचा. कानामात्रा चिठ्ठीतला मजकूर वहीत उतरवायचे आणि चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवायचे.

मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. वहिनी अजूनही दर रविवारी बरोबर पाचला टोपली घेऊन जिना चढायच्या आणि प्रत्येकाच्या कोपराशी निमूट चहाचा पेला ठेवायच्या. त्यांच्या दोन किटल्यांपैकी एकीवर चिकटवलेला कागद होता, ‘बीनसाखरेचा’. तो दीर्घ बी कानामात्रांना सहा वर्षं बोचत होता. सांगायचं धाडस काही झालं नव्हतं.

तशीच मास्तरांच्या पहिल्या दिनवहीतली एक ओळही बोचत होती. ‘आज डाग पक्के बसले. म्हातारी धावली.’ डाग पक्के बसल्याचा आनंद कुणाला होतो? मास्तरांची लेखणी घसरली असावी. कानामात्रांनी समासात शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

"मी म्हातारीला लाल रंग देऊ या म्हणाले होते, कबूल," रिकाम्या पेटीपाशी उभ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण रंग द्यायला घरी नेली असती तर लाल करूनच परत आणली असती. लपवू कशाला?"

"मी बंदरावर होतो," मिस्त्री म्हणाले. "दोन तास जागचा हललो नाही. हे मात्र पाचच्या ठोक्याला निघून गेले." त्यांनी घड्याळजींकडे हनुवटी उडवली. "वहिनींनी ठेवलेला ह्यांचा चहा साय धरून तसाच राहिला, मी पाहिलाय."

"बायकोच्या डोळ्यात औषध घालायचं होतं," घड्याळजी म्हणाले. "पाच वाजता. खऱ्या पाच वाजता."

"आणि महिन्यापूर्वी तुम्हीच म्हणाला होता ना, म्हातारीला पळवाल तर ती मोडेल, त्यापेक्षा मी तिला उचलून घरी नेईन?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणालो होतो. अजूनही म्हणतो. पण नेली नाही. त्या दिवशी पेटी उघडलीसुद्धा नाही."

"वहिनींना विचारायचं का?" कानामात्रांनी हळूच विचारलं.

"भलतंच!" डॉक्टरीणबाई उसळल्या. "मास्तरांची आठवण आहे ती. कळलं तर हाय खातील. उद्यापर्यंत त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

हे सगळ्यांना पटलं.

३

घात केला तो कानामात्रांच्या स्वतःच्या अक्षराने.

डॉक्टरीणबाईंनी दिनवही ओढून गेल्या रविवारचं पान काढलं. वळणदार, एकसारख्या ओळी. त्यांचं बोट खाली सरकत एका ओळीवर थांबलं.

"५.१०. म्हातारीचा डाग निघाला."

डाग पुसायचा तर पेटी उघडायला हवी. म्हातारी पुसून लख्ख ठेवायचं काम घड्याळजींचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पहाटेचे पाच दहा," मिस्त्रींनी बोटं मोजली. "म्हणजे बाहेरचे चार वाजून सव्वीस. पहिल्या गाड्या सुटायची वेळ. आम्ही सगळे आपापल्या जागी. पेटीपाशी कोण होतं?"

"मी," घड्याळजी म्हणाले. "वरच्या घड्याळाला किल्ली देत होतो."

"आणि डाग कोण पुसत होतं?"

"मी नाही. ती चिठ्ठी माझी नाही."

"मग म्हातारीने लिहिली?"

घड्याळजींनी कानामात्रांकडे पाहिलं. वीस वर्षांच्या मैत्रीत एवढं सरळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "तुम्ही बोला. तुम्हाला काय वाटतं?"

कानामात्रांना ‘मला नाही वाटत’ एवढे तीन शब्द म्हणायचे होते. पण समोर वही होती, अक्षर त्यांचंच होतं आणि लिहिलेलं खोटं कसं म्हणायचं ते त्यांना सुचेना. "वहीत... तसं आहे खरं," ते म्हणाले.

घड्याळजींनी खिशातून छोट्या घड्याळाची पितळी किल्ली काढली आणि अलगद मेन स्टेशनच्या फलाटावर ठेवली. टेबलावरच्या चिमुकल्या प्रवाशांमध्ये ती एखाद्या तोफेसारखी दिसत होती.

"उद्यापासून तुमची वेळ तुम्ही लावा," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

४

कानामात्रा थोरल्या बहिणीकडे राहत. ताई गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होत्या. भाऊ येऊन पायरीवर बसला तरी त्यांनी मान वर केली नाही.

"काय पंडित? तोंड का उतरलंय? वेलांटी हरवली?"

"मित्र हरवला."

त्यांनी सगळं सांगितलं. ताई ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. झारी एका कुंडीवर धरली होती आणि पाणी मात्र त्यांच्या पायांवर सांडत होतं.

"ताई, पाणी!"

"दिसतंय. तीन दिवस झाले सांगतेय, ह्या झारीचा डाग निघालाय, कुणाकडून तरी जोडून आण. पण घरात शिकलेलं माणूस ना, वहीत उतरवून ठेवत असेल."

कानामात्रा पायरीवरून उठले.

"काय निघालाय म्हणालात?"

"डाग! तोटीचा डाग! जिथे जोड दिलेला असतो तो. डाग म्हणजे फक्त कपड्यावर पडतो तेवढाच वाटला का तुला?" ताईंनी झारी त्यांच्या नाकापुढे नाचवली. तोटी लुळी पडून हलत होती.

डाग पुसणारा ‘डाग निघाला’ म्हणून समाधानाने सांगतो. डाग देणारा तेच दोन शब्द काळजीने सांगतो. आणि मास्तरांची ओळ! जोड पक्के बसले, म्हणून म्हातारी धावली. लेखणी घसरलीच नव्हती. पन्नास वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्याला एक शब्द वाचता आला नव्हता.

"चाललास कुठे? झारी घेऊन जा!"

पण ते गल्लीत पोचले होते. पायांत चपला वेगवेगळ्या जोडांच्या होत्या.

५

मिस्त्रींनी कुरकुरत माडी उघडून दिली. कानामात्रांनी खिळ्यावरचा गठ्ठा काढला आणि गेल्या रविवारच्या चिठ्ठ्या मेजावर एकाखाली एक मांडल्या. जी आधी आली ती खाली टोचली जाते, नंतरची वर. खिळ्याला खोटं बोलता येत नाही.

ती चिठ्ठी सापडली. तिच्या खालच्या चिठ्ठीवर वेळ होती १३.५०. वरच्या चिठ्ठीवर १४.०५.

"पहाटे पाच दहाची चिठ्ठी दुपारच्या दोनमध्ये काय करतेय?" मिस्त्रींनी मान तिरकी केली.

"मी..." कानामात्रांनी वही पुढे ओढली. "मला वाटलं, डब्याच्या तळाशी चिकटून फिरत राहिली असेल. कधीकधी होतं तसं. म्हणून वहीत उतरवताना मी तिला तिच्या योग्य जागी नेऊन बसवलं. पहाटेत. सुधारलं मी ते."

"म्हणजे चिठ्ठी टाकली दुपारी दोनला?"

"छोट्या दोनला. चाराच्या पुढे चौदा तास, म्हणजे सत्तर मिनिटं. बाहेर वाजले होते पाच दहा." त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. "मिस्त्री, लिहिणाऱ्याने वेळ अगदी बरोबर लिहिली होती. फक्त आपल्या घड्याळाची नव्हे, मनगटावरच्या घड्याळाची."

"मनगटाकडे बघून वेळ लिहिणारा आपल्यात कोण आहे?"

"आपल्यात कुणीच नाही."

चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘म्हातारिचा डाग नीघाला.’ आठवड्यापूर्वी त्यांनी उतरवताना हात न थांबवता ‘री’ दीर्घ केली होती, ‘नि’ ऱ्हस्व केला होता. सवयीने. एकदाही न बघता. आता ते त्या दीर्घ नी कडे बघत राहिले आणि त्यांना एक किटली दिसू लागली.

६

वहिनींनी दार उघडलं तेव्हा आतून राळेचा वास आला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्यावर कथलाची तार, विजेवर तापणारी डाग द्यायची कांडी आणि मधोमध, धुराडं काढून ठेवलेली म्हातारी.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "उद्या आणणारच होते. घाई होती का? मी चिठ्ठी टाकली होती डब्यात. तुमच्यात बोलायला बंदी ना!"

कानामात्रांना हसावं की रडावं कळेना. "मिळाली चिठ्ठी. वाचता आली नाही."

"माझं अक्षर तसंच आहे."

"अक्षर चांगलं आहे वहिनी. वाचणारा कच्चा होता."

पेले ठेवताना वहिनींचं लक्ष पेटीकडे गेलं होतं, आणि फडक्याच्या फटीतून धुराडं कलंडलेलं दिसलं होतं. फडकं सरकवून, म्हातारीला टोपलीत घालून त्या चालू लागल्या होत्या. टेबलाभोवतीच्या माणसांना गाड्यांपुढे दुसरं काही दिसत नाही, हे त्या पन्नास वर्षं बघत होत्या.

"तुम्हाला हे काम येतं?" कानामात्रांनी विचारलं, आणि प्रश्न तोंडातून सुटता सुटताच त्यांना वहिनींच्या बोटांच्या टोकांवरचे पांढरे, जुने चट्टे दिसले. वीस वर्षं त्या हातांतून ते चहा घेत होते.

"लग्नाआधी रेडिओच्या कारखान्यात होते. दिवसाला चारशे डाग. ह्यांनी म्हातारीचा आराखडा काढला, डबा कापला, स्वतःचं बोट कापलं. जोडलं मी. सगळे डाग माझे." त्यांनी म्हातारीच्या पोटावरून अंगठा फिरवला. "एकदा हे सभेत तसं सांगायला उठले होते, मीच डोळे वटारले. मी लाजायचे तेव्हा. मग इतकी वर्षं गेली, की सांगायचं म्हणजे त्यांना खोटं पाडल्यासारखं. राहिलं ते राहिलं."

इतिहासाच्या पान एकवर कानामात्रांनी लिहिलं होतं, ‘म्हातारी मास्तरांनी स्वतःच्या हातांनी घडवली.’

"पण हा शेवटचा बसत नाही बघा," वहिनी म्हणाल्या. "एका हाताने धुराडं धरायचं, दुसऱ्याने डाग द्यायचा. धरलेला हात आता हलतो. चारदा केला, चारदा वाकडा. उद्या असंच न्यावं लागेल पेटीत ठेवायला. धावायची नाही."

कानामात्रांनी आपले हात पाहिले. ते तर वहिनींच्या हातांपेक्षा जास्त हलत होते. हे धरू शकेल असा एकच हात त्यांना माहीत होता.

७

दुकानाच्या काचेआड घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काय बिघडलंय?"

"मी," कानामात्रा म्हणाले.

मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खिळा, चिठ्ठी, मनगट, किटली. एवढं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते. "तुमच्याविरुद्धचा पुरावा माझ्या हातचा होता. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी वहीकडे बघितलं. तुमच्याकडे बघायला हवं होतं."

 घड्याळजींनी भिंग काढलं, पुसलं.

"शुद्धलेखन म्हणे!" ते म्हणाले. "माझी अब्रू अशुद्ध करून ठेवलीत."

"हो."

"आणि चपला बघा जरा."

कानामात्रांनी खाली पाहिलं. घड्याळजी हसले नाहीत; पण खण उघडून त्यांनी सगळ्यात बारीक चिमटा काढला, फुंकर मारली आणि तो वरच्या खिशात ठेवला.

"मी म्हातारीसाठी येतोय," ते दुकानाला कुलूप लावता लावता म्हणाले. "तुमच्यासाठी नाही. तुमचं उद्या बघू. सगळ्यांसमोर."

८

रविवारी पावणेचारला सगळे माडीवर जमले. छोटं घड्याळ बंद होतं. घड्याळजी दाराशीच थांबले होते, पाव्हण्यासारखे. वहिनींची टोपली आज झाकलेली होती.

कानामात्रा उभे राहिले. हातातला कागद त्यांनी खिशात कोंबला.

"म्हातारी चोरीला गेली नव्हती," ते म्हणाले. "चोरी झाली ती माझ्या वहीत."

"मोठ्याने!" मिस्त्री म्हणाले.

मग ते मोठ्याने बोलले. रिकाम्या पेटीतून उगवलेला संशय आपल्या वहीने कसा वाढवला ते सांगितलं. "चिठ्ठी पाच दहाला आली, बाहेरच्या पाच दहाला. घड्याळजी पाचलाच गेले होते. मिस्त्री, सायीचा पेला तुम्हीच सांगितलात. त्यांच्या विरुद्ध म्हणून सांगितलात, पण साक्ष त्यांच्याच बाजूची होती. ती चिठ्ठी त्यांची असूच शकत नव्हती."

मिस्त्रींनी कान खाजवला.

"आपण वीस-तीस वर्षं बारा पट वेगाने जगतोय. पाच दहा म्हणजे खरंच पाच दहा असू शकतात, हे आपल्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाहेरच्या कुणालाही पहिल्या झटक्यात कळलं असतं."

"आणि डाग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही दाताला बसवलेली टोपी कशाने टिकते?"

"जोडाने... अगं बाई! डाग म्हणजे जोड!"

"आणि जोड सुटला तर तो कुणाला दिसेल? ज्याने दिला त्याला." कानामात्रांनी वहिनींकडे पाहिलं. त्या मान हलवून नाही म्हणत होत्या, पन्नास वर्षांपूर्वी मास्तरांसमोर हलवली असेल तशीच. पण कानामात्रा मास्तर नव्हते. आणि एकदा गप्प बसून काय होतं ते त्यांनी काल पाहिलं होतं. "परवानगी द्या वहिनी. छापून जाण्याआधी एवढी एक दुरुस्ती."

वहिनींनी टोपलीवरचं फडकं काढलं.

म्हातारी निघाली. धुराडं ताठ, मुळाशी नव्या कथलाची चांदीसारखी बारीक कडी. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "अशी भरणी मला जमली असती तर पेशंट परत आले नसते."

मग त्या वळल्या. "घड्याळजी, दुखावलं तुम्हाला. चुकलं माझं."

"माझंही," मिस्त्री म्हणाले. "पण टेबल तिरकं आहे म्हणता ते मात्र मागे घ्या."

"तिरकं आहे," घड्याळजी म्हणाले.

फलाटावर पितळी किल्ली कालपासून तशीच होती, प्रवाशांच्या मध्ये. कानामात्रांनी ती उचलली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. घड्याळजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग किल्ली घेतली, स्टुलावर चढले आणि छोट्या घड्याळाला कर्रकर्र पीळ दिला. काटे शून्यावर आले.

"सोडा," ते वरून म्हणाले. "वेळ झाली. आणि गाडी कानामात्रा सोडतील."

"मी? अहो, रूळ सोडेल!"

"सोडला तर परत ठेवू. त्यात काय एवढं?"

कानामात्रांनी गाडी चालवायच्या मुठीवर हात ठेवला. म्हातारी एकदा थरथरली, जणू काही त्यांचाच हात तिच्यात शिरला होता, आणि निघाली. पहिला पूल, बंदर, दुसरा पूल. डोंगराच्या बोगद्यात गेली तेव्हा सगळे पलीकडच्या तोंडाशी वाकले. जबड्याच्या ठशाजवळून ती बाहेर आली, धुराडं ताठ, आणि खडखडत मेन स्टेशनात येऊन उभी राहिली.

बोलायला बंदी असूनही सगळे एकदम बोलले.

कानामात्रांनी मास्तरांची पहिली दिनवही उघडली आणि समासातलं प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसून टाकलं. मग तीच वही वहिनींपुढे सरकवली. "त्या ओळीखाली लिहा. तुमच्या हाताने."

वहिनींनी पेन्सिल हातात घेऊन दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून, सावकाश, लिहिलं:

‘हीचे सगळे डाग मी दीले.’

कानामात्रांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. ती अर्धी बाहेरही आली होती. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वाचली, आणि पेन्सिल परत खिशात सारली.